मदत हवी आहे: कलरीमीटरने तैलरंग जुळवताना आकडे हलतात

मोबाईलला जोडायचा छोटा कलरीमीटर (रंग आकड्यांत मोजणारं यंत्र) आहे. नमुन्याच्या सुक्या कार्डाचे आकडे: एल (उजळपणा) ५२, ए (लाल-हिरवा) १४, बी (पिवळा-निळा) २२. हा रंग टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन यांतून जुळवायचा आहे. ओल्या रंगावर तीनदा मोजलं तर एल तीन-चारने खालीवर होतो. शिवाय दोन रंगांच्या आकड्यांची सरासरी धरून समभाग मिसळले, तर मिश्रण बरंच गडद येतं. चूक मोजण्यात आहे की हिशेबात?

प्रतिसाद १
आधी मोजण्याचं बघा. ब्रशचे उंचवटे चकाकतात, ती चकाकी सेन्सरमध्ये शिरते आणि एल वाढतो. अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कार्डावर पॅलेट नाइफने १ मिमी जाडीचा सपाट थर द्या. भोवती १.५ मिमी जाडीची काळ्या पुठ्ठ्याची चौकट ठेवून तिच्यावर यंत्र टेकवा, म्हणजे रंग भिंगाला लागणार नाही. चौकटीचं भोक यंत्राच्या छिद्राहून ३-४ मिमी मोठं हवं. मधल्या अर्ध्या मिमीच्या फटीने एल थोडा उतरतो, म्हणून नमुनाही अर्धा मिमी पुठ्ठ्यावरूनच मोजा. दर वेळी यंत्र ९० अंशांत फिरवून तीन मापं घ्या आणि सरासरी काढा. काळ्या आणि पांढऱ्या बाजूंच्या मापांत डेल्टा ई (दोन रंगांतला फरक सांगणारा आकडा) १ पेक्षा जास्त आला, तर थर अपारदर्शक झालेला नाही.

प्रतिसाद २
सरासरीचा हिशेब मुळातच चालत नाही. रंगद्रव्यं प्रकाश शोषतात आणि विखुरतात. हे शोषण-विखुरणं धरून रंगाचा हिशेब मांडणारं कुबेल्का-मंक समीकरण (१९३१) वापरायचं तर प्रत्येक तरंगलांबीचं परावर्तन लागतं आणि कलरीमीटर तीनच आकडे देतो. त्याच्याकडून मिश्रणाच्या कृतीची अपेक्षा नको, फरक किती आणि कोणत्या दिशेला एवढंच विचारा. प्रत्येक रंगाचे पांढऱ्याबरोबर १:१, १:४, १:१६ असे वजनाने नमुने करा, ०.०१ ग्रॅमचा काटा हवाच. मग ५ ग्रॅमचं मिश्रण घेऊन दुरुस्ती करत चला. बी जास्त असेल तर अल्ट्रामरीन, पण एका वेळी ०.०५ ग्रॅमच. पांढरा घातला की ए आणि बीसुद्धा घटतात, तेव्हा ऑकर-सिएनाने सावरा. डेल्टा ई (‘डेल्टा ई २०००’ नावाच्या सूत्राने काढलेला) दोनच्या खाली आला की थांबा आणि दिवसाच्या उजेडात व दिव्याखाली डोळ्यांनी पाहा. आकडे जुळूनही एका उजेडात रंग वेगळा दिसू शकतो.

धागाकर्ती
नमुना मॅट आहे. ओल्या रंगाशी तुलना करू ना?

प्रतिसाद १
थेट नको. मॅट पृष्ठभाग पांढरा उजेड विखुरतो, त्यामुळे तोच रंग ओला असताना गडद मोजला जातो. तेवढ्यासाठी पांढरा वाढवू नका. पातळ पट्टी रंगवा, वाळू द्या, मग मोजा. चित्रावर व्हार्निश चढवणार असाल तर पट्टीलाही तेच लावून मोजा.