वेन (बाणाच्या मागचे प्लास्टिकचे पीस) सारखे निघतायत, नवीन लावायच्या आधी कार्बन अ‍ॅरो साफ कसे करायचे?

सिडको_आई
नमस्कार मंडळी. मुलगी तिरंदाजीत रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) खेळते, सध्या ३० मीटरवर आहे. तिच्या अ‍ॅरोचे वेन सारखे सुटतायत, सुटलेला वेन उचलून बघितला तर ग्लूचा अख्खा पापुद्रा वेनसोबतच आलेला असतो आणि खाली शाफ्ट (बाणाची दांडी) एकदम गुळगुळीत. आता सगळेच काढून परत लावायचेत. जुना ग्लू ब्लेडने खरवडला तर चालेल का? घरात नेलपॉलिश रिमूव्हर आहे, नाहीतर रविवार कारंज्यावरून थिनर आणता येईल, काय वापरू? वेन सरळ बसवायचा साचा, म्हणजे जिग, सर देणार आहेत. सिलेक्शन जवळ आलंय म्हणून जरा घाई आहे.

गंगापूररोड_तिरंदाज
ताई, ग्लू वेनसोबत आला म्हणजे शाफ्टला पकड नव्हती, साफसफाई तिथेच कमी पडतेय. उलट ग्लू शाफ्टवर राहून वेनचा तळ कोरा निघाला असता तर वेन पुसायचा राहिला असं समजायचं.

रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सेंट असतो. थिनर पण नको, ते मिक्स असतं आणि बऱ्याचदा मागे पातळ थर राहतो. केमिकलच्या दुकानातून साधं अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. नॉक (दोरीत अडकणारा मागचा प्लास्टिकचा तुकडा) आधी काढून ठेवा, अ‍ॅसिटोनने प्लास्टिक खराब होतं. वेनखाली स्टिकरचा रॅप असेल आणि तो ठेवायचा असेल तर फक्त अल्कोहोल.

ब्लेड चालेल पण धारदार नको, बोथट सुरी घ्या, शाफ्टला जवळजवळ आडवी धरून ग्लू पुढे ढकलत न्या. टोक रुतवायचं नाही, कार्बनचा एक धागा जरी उचलला गेला तरी शाफ्ट तिथून कमजोर होतो. उरलेला ग्लू अ‍ॅसिटोन लावलेल्या कापडाने पुसा, शाफ्ट बुडवून ठेवू नका. आणि गॅसवर काय गरम करून ग्लू मऊ करायला जाऊ नका, कार्बनमधलं इपॉक्सी उष्णतेने बिघडतं.

साफ झालं का ते पाण्याने कळतं. शाफ्टवर पाणी ओता, सलग पसरलं तर झालं, थेंब थेंब गोळा झाले तर अजून तेलकट आहे, परत पुसा. मग पूर्ण वाळवून शेवटचा हात अल्कोहोलचा, आणि त्यानंतर त्या भागाला बोट लावायचं नाही!!

सातपूर_कंपाउंड
वरचं सगळं बरोबर, फक्त आधी शाफ्ट चेक करा. दोन्ही टोकं धरून हलकं वाकवा, फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी, कुठे कर्रर्र असा आवाज आला किंवा चीर दिसली तर तो अ‍ॅरो बाजूला, परत वापरायचाच नाही. फुटलेला कार्बन सुटताना हातात घुसतो, मुलांच्या बाबतीत तर अजिबात रिस्क घेऊ नका. पावडर पडली तर ओल्या फडक्याने टिपा, फुंकू नका. अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं, म्हणून बाल्कनीत करा, देवापुढचा दिवा चालू असेल तर तिथे अजिबात नको.

जुने वेन काढायच्या आधी नॉकच्या बाजूने वेन किती अंतरावर आहे ते मोजून ठेवा, सगळ्या अ‍ॅरोंना तेच ठेवायचं. नवीन वेनचा तळ पण पुसा, पण पाकिटावर प्रायमर (ग्लू नीट धरायचा थर) आहे असं लिहिलं असेल तर नको, तो निघून जाईल. ग्लूची अगदी बारीक रेघ पुरते. पावसाळ्यात आपल्याकडे दमट असतं, सुपरग्लू जाड लागला तर कडेला पांढरा धुरकट थर येतो.

बांबूवाला
इंडियन राउंडवाल्यांनी (बांबू-लाकडाच्या धनुष्याने खेळणाऱ्यांनी) हे वाचून अ‍ॅसिटोन लावू नका, बांबू-लाकडाच्या बाणाचं वॉर्निश उतरतं. तिथे बोथट सुरीने पीस काढा, जुन्या ग्लूच्या जागेवरच बारीक पॉलिश पेपर फिरवा, कोरड्या कापडाने धूळ काढा.

आणि ताई, शाफ्टवर मार्करने नाव लिहिलं असेल ते पुसलं जाईल. मॅचमध्ये प्रत्येक अ‍ॅरोवर नाव किंवा इनिशियल लागतात, आणि एका एंडमधल्या (एका खेपेला मारायच्या) अ‍ॅरोंचे वेन, नॉक सारख्याच रंगाचे लागतात. वेन बसले की नाव परत लिहा.

सिडको_आई
खूप आभार सगळ्यांचे! नावाचं तर डोक्यातच आलं नसतं. ग्लू लावल्यावर लगेच अ‍ॅरो मारले तर चालेल का?

गंगापूररोड_तिरंदाज
एक रात्र जाऊ द्या. सकाळी प्रत्येक वेनचं पुढचं टोक बोटाने हलकं ढकलून बघा, सुटायला लागतं ते आधी तिथूनच.