कोलोरॅडोच्या डोंगरात दोघींचाच विवाह

प्रश्न : मी आणि माझी जोडीदार डेन्व्हरमध्ये राहतो. मांडव, बँड, पंगत यांपैकी काहीही न करता रॉकी पर्वतातल्या एखाद्या तळ्याकाठी सूर्योदयाच्या वेळी विवाह करावा, असे आम्ही ठरवले आहे. नाशिकहून फक्त माझी आई येईल. गुरुजी किंवा न्यायाधीश नसताना हा विवाह कायदेशीर ठरेल का?

प्रतिसाद १ : मनःपूर्वक अभिनंदन! नक्की ठरेल. कोलोरॅडोत जोडप्याला आपला विवाह स्वतःच लावता येतो, साक्षीदारही लागत नाहीत. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कार्यालयातून मिळणारा परवाना ३५ दिवस चालतो आणि विवाहानंतर सह्या करून तो ६३ दिवसांच्या आत परत द्यावा लागतो.

प्रतिसाद २ : रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात विवाह करायचा असेल, तर फक्त दोघीच असलात तरी उद्यानाची वेगळी परवानगी घ्या. स्प्रेग लेकभोवतीची वाट सपाट असल्याने आईंना सोपी जाईल. मात्र ते तळे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सुमारे हजार मीटर उंचावर आहे, म्हणून त्यांना आधी दोन दिवस विश्रांती द्या. तिथे अक्षता उधळता येत नाहीत, पण मंगलाष्टके म्हणायला काहीच हरकत नाही, आणि आईंच्या आवाजात ती त्या शांततेत फार सुंदर वाटतील.

प्रतिसाद ३ : सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही भारतात अशा समलिंगी विवाहाला मान्यता नाही. नाशिकला तुमची काही मालमत्ता असल्यास मृत्युपत्र अवश्य करून ठेवा.

प्रश्नकर्ती : सर्वांची ऋणी आहे. आईला आजच सांगितले. ती मुंडावळ्या घेऊन येणार आहे, दोन जोड.