मायकल मायर्सला बहीण चिकटवली आणि भीतीवर पाणी ओतलं

तिसरी घंटा:
परवा मुखवटेवाल्या खुन्यांवरच्या लेखात 'उलटा कंदील' यांनी लिहिलं की 'हॅलोवीन' चित्रपटांतला मायकल मायर्स हा सगळ्यात कंटाळवाणा खुनी. बोलत नाही, पळत नाही, खून का करतो ते सांगत नाही. त्यापेक्षा 'स्क्रीम'मधला घोस्टफेस बरा, शेवटी मुखवटा निघतो, कारण कळतं, हिशेब लागतो. तिथे दोन ओळी लिहायला बसलो होतो. दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर.

कारण न सांगणं हा त्याचा दोष नाही हो, तेच त्याचं भांडवल आहे. १९७८चा पहिला 'हॅलोवीन' आठवा. १९६३ साल, हॅडनफिल्ड गाव, विदूषकाच्या कपड्यांतलं सहा वर्षांचं पोरगं थोरल्या बहिणीला भोसकतं. बाप अंगणात त्याच्या तोंडावरचा मुखवटा काढतो आणि आत काही नाही. राग नाही, रडू नाही. पंधरा वर्षांनी तो मनोरुग्णालयातून पळून गावात परत येतो. मग दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या शाळकरी लॉरी स्ट्रोडच्याच मागे का? तिच्या वडिलांचा घरं विकायचा धंदा. ते सकाळी सांगतात, शाळेत जाता जाता मायर्सच्या पडक्या घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेव. ती ठेवते. तो आत दारापाशी उभा असतो. बस, एवढंच. बापाचं एक काम ऐकलं एवढाच तिचा संबंध.

श्रेयनामावलीत निक कॅसलच्या नावापुढे मायकल असं लिहिलेलंच नाही, 'द शेप' लिहिलंय. नुसता आकार. मुखवटा म्हणजे दोन डॉलरच्या आत मिळालेला 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा. भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फासला. ओळखीचा चेहरा पुसून उरलं ते हे. तीन-सव्वातीन लाख डॉलरच्या चित्रपटात याहून नेमकं काही सापडणार नव्हतं.

आणि १९८१ला दुसऱ्या भागात काय केलं? लॉरी म्हणे त्याची धाकटी बहीण! पहिल्याचा दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने स्वतः नंतर मुलाखतींमध्ये कबूल केलंय की पटकथा सुचत नव्हती, बिअर पीत पानं भरत होतो. एवढ्यावर थांबले नाहीत. पहिला भाग एनबीसी वाहिनीवर दाखवायला लांबी कमी पडत होती, तर दुसऱ्याच्या चित्रीकरणाच्या वेळी जास्तीचे प्रसंग घेतले आणि कोठडीच्या दारावर 'सिस्टर' खरडलेलं दाखवलं. म्हणजे जुन्या कामातही मागाहून पाचर मारली. तिथून घसरगुंडी. १९९५च्या सहाव्या भागात थॉर्न नावाचा शाप आणि त्याचे पुजारी, २००७च्या नव्या 'हॅलोवीन'मध्ये दिग्दर्शक रॉब झॉम्बीने घरातली शिवीगाळ, शाळेतला छळ, मारलेली जनावरं असं अर्धा चित्रपट भरून दाखवलं. मला त्या पोराची कीव आली. बागुलबुवाची कीव येऊन कसं चालेल?

उलटा कंदील:
माझं नाव घेऊन धागा काढलात, बरं केलंत.

पहिल्याच्या शेवटी सहा गोळ्या खाऊन तो हिरवळीवरून गायब होतो. पुढे काय करायचं सांगा. दुसरं गाव, दुसरी मुलगी, दुसरी किल्ली? १९८२ला मायकलशिवाय तिसरा भाग काढून पाहिला, लोकांनी नाकारला. १९८८ला त्याला परत आणावंच लागलं. तेरा चित्रपट नुसत्या आकारावर चालत नाहीत, नातं लागतं.

'स्क्रीम' दुसऱ्यांदा बघताना कोण कुठे उभा होता, कोणाचा फोन कुठून आला, सगळं नव्याने दिसतं. 'हॅलोवीन' दुसऱ्यांदा बघताना काय दिसतं? चालणारा माणूस. हॉस्टेलवर आम्ही सहाजणांनी लावला होता, अर्ध्यात चौघं झोपले.

तिसरी घंटा:
चौघं झोपले हा मुद्दा होऊ शकत नाही. आणि तुमच्या 'स्क्रीम'मधला बिली, मुखवट्यामागचा खुनी, नायिका सिडनीला काय सांगतो? कारण नसलं की जास्त भीती वाटते. १९९६ला घोस्टफेसच्या तोंडून आलेली कबुली आहे ही. बिलीचं आडनाव लूमिस, मायकलच्या डॉक्टरचंच, पार्टीत टीव्हीवर लावलेला चित्रपट 'हॅलोवीन'. 'स्क्रीम'चा दिग्दर्शक वेस क्रेव्हनला कोणाचं देणं लागतो ते माहीत होतं.

उलटा कंदील:
आणि त्याच प्रसंगात बिली कारण सांगतो! सिडनीच्या आईपायी त्याची आई घर सोडून गेली. ते वाक्य त्याने तिला खेळवायला टाकलंय. अर्धा प्रसंग सांगू नका.

खडूस काका:
बागुलबुवाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मूळ उपमाच चुकली आहे. बागुलबुवाला कारण नसतं हे कोणी सांगितलं? आमची आजी म्हणायची, जेवला नाहीस तर येईल, झोपला नाहीस तर येईल. 'तर' आहे त्यात. बागुलबुवा हा नियमाने चालणारा प्राणी आहे.

मायकलही तसाच. आईबाप घरी नसताना चाळे करणारी पोरं मरतात, अभ्यास करणारी सरळ मुलगी वाचते. १९६३ला थोरली बहीण, नंतर लॉरीची मैत्रीण लिंडा आणि तिचा बॉब. हे त्याचं कारण. तुम्ही दोघं भांडताय आणि उत्तर समोर आहे.

गौरांगी:
हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय आणि दर वेळी ते अशाच ठामपणे सांगितलं जातं.

काका, लॉरीच्या दुसऱ्या मैत्रिणीचं, ॲनीचं काय? ती मित्राला आणायला निघते, गाडीत बसते, काचांवर आतून वाफ धरलेली दिसते, तेवढ्यात मागच्या सीटवरून तो गळा धरतो. तिने काय चाळे केले होते? आणि तुमची सरळ लॉरी त्याच संध्याकाळी ॲनीच्या गाडीत गांजा ओढते आणि खोकते, तो प्रसंग विसरलात? कार्पेंटरने कितीदा सांगितलंय की बाकीच्या आपापल्या नादात होत्या, लॉरी एकटी होती म्हणून तिचं लक्ष होतं. ती बघते. शाळेच्या खिडकीतून बघते, कुंपणापाशी बघते, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून बघते. मुलींचे संवाद सहलेखिका डेब्रा हिलचे आहेत, म्हणून त्या तिघी रस्त्याने चालताना खऱ्या वाटतात. वाचली ती बघितलं म्हणून, आणि विणायची सुई त्याच्या मानेत खुपसली म्हणून. शीलाची पदकं वाटू नका.

खडूस काका:
मी कुठे पदकं वाटली? 'स्क्रीम'मधला चित्रपटवेडा रँडी हाच नियम मोठ्याने वाचून दाखवतो. अमेरिकेतले समीक्षक हेच लिहीत आलेत. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ला शेवटी उरणाऱ्या मुलीवर निबंध लिहिला, त्यातही ती बाकीच्यांपेक्षा वेगळी, पोरांच्या भानगडीत नसलेली अशीच आहे. सगळे चूक आणि तुम्ही एकट्या बरोबर?

गौरांगी:
क्लोव्हरबाईंची ती मुलगी सगळ्यात आधी सावध असते, धोका तिला आधी दिसतो, हेही त्याच निबंधात आहे. तुम्ही सोयीचं तेवढं उचललंत.

पोत्यातला जेसन:
नियम हवा असेल तर आमच्याकडे या. 'फ्रायडे द थर्टीन्थ', १९८०. पोरगा जेसन तळ्यात बुडत होता तेव्हा शिबिरातले ताई-दादा एकमेकांत गुंतलेले होते, म्हणून त्याची आई मिसेस व्हूरहीज खून करते. कारणही आहे, नियमही आहे. काका, तुम्ही या चित्रपटाचं खापर मायकलवर फोडताय.

आणि विषय निघालाच आहे तर, पहिल्या भागात जेसन खुनी नाही! दुसऱ्यात त्याच्या डोक्यावर पोतं आहे. हॉकीचा मुखवटा थेट १९८२च्या तिसऱ्यात. लोक पहिल्या भागाची गोष्ट सांगताना हॉकीचा मुखवटा काढून दाखवतात, मला अक्षरशः त्रास होतो.

न्यूजर्सीकर:
जेसनच्या पहिल्या भागाचं शिबिर आमच्याच राज्यात चित्रित झालं, पण मी मायकलच्या बाजूने.

इथे येईपर्यंत मला तो चित्रपट कळलाच नव्हता. गोष्ट इलिनॉयमधली, चित्रीकरण कॅलिफोर्नियात साउथ पॅसाडेनाला, तेही वसंतात. वाळकी पानं रंगवून पसरायची आणि पुढच्या शॉटसाठी गोळा करून ठेवायची, मागे कुठे कुठे ताडाची झाडंही दिसतात. खरा ऑक्टोबर बघितल्यावर ते फार खटकतं. पण रस्ता खरा आहे. रुंद, नीट कापलेली हिरवळ, भरदुपारी एक माणूस नाही. मी दुसऱ्यांची मुलं सांभाळायला जायचे तेव्हा संध्याकाळी पडदे आधी लावायचे. मला खुनांपेक्षा एक प्रसंग छळतो. लॉरी जखमी होऊन शेजारच्या दारावर धडका देते. बाहेरचा दिवा लागतो, पट्ट्यांच्या पडद्याआडून कोणीतरी बघतं, आणि दिवा विझतो.

खडूस काका:
तो प्रसंग तिकडचाच. आपल्याकडे शेजारच्या काकू न विचारता आत येतात. जिन्यात कोणी ओरडलं तर चार दारं उघडतात. म्हणून आपल्याला तो चित्रपट परका वाटतो.

गौरांगी:
चार दारं उघडतात?

मी एकोणीस वर्षांची होते, पुण्यात. संध्याकाळच्या क्लासवरून परत येताना एक माणूस टपरीच्या पलीकडे उभा असायचा. मी चालायला लागले की तो चालायचा. अंतर ठरलेलं. चार महिने. शिट्टी नाही, शब्द नाही, कधी घाईही नाही. पळून का गेली नाहीस असं लोक विचारतात, त्यांना सांगते की हळू चालणाऱ्यापासून पळता येत नाही, तो पोचलेलाच असतो. एके दिवशी अंतर कमी झालं. मी दिसेल त्या इमारतीत शिरले आणि पहिल्या मजल्यावरच्या तिन्ही घंटा दाबत सुटले. आत टीव्ही चालू होते. एका दाराच्या भिंगातला उजेड गेला, म्हणजे कोणीतरी डोळा लावला. दार उघडलं नाही. काका, तीन दारं होती, तिन्ही बंद राहिली.

घरी सांगितलं, क्लासमध्ये सांगितलं. सगळ्यांचा एकच प्रश्न. ओळखीचा होता का? कधी बोलली होतीस का? कोणाचा भाऊ, कोणाचा मित्र? काहीतरी संबंध असेलच. चार महिने तो शोधत होता का माहीत नाही, पण त्यानंतर सगळे माझ्यातच कारण शोधत होते. एक दिवस तो यायचा बंद झाला. तो कोण होता, मला आजही माहीत नाही.

म्हणून दुसऱ्या भागात लॉरी त्याची बहीण निघाली तेव्हा मला इतका संताप आला की मी उठून गेले. धागाकर्त्यांना कलेचं वाईट वाटतंय. मला वाटलं, पडद्यावरही तिला तेच विचारलं, तुझा त्याच्याशी संबंध काय. आणि तिने हो म्हटलं.

तिसरी घंटा:
मी किल्लीचं लिहिलं ते हुशारी म्हणून लिहिलं होतं. आता ते वाक्य परत वाचवत नाही.

उलटा कंदील:
गौरांगी, तुमच्याशी वाद नाही. पण कारण कळलं की भीती कमी होते, हे या धाग्यात सगळे धरून चाललेत, ते मला मान्य नाही.

आमच्या घरात वाटणीवरून फाटलं. मी नववीत. सख्खा चुलता रात्री येऊन अंगणात उभा राहायचा. बोलायचा नाही. आम्हाला पूर्ण माहीत होतं तो का येतो, किती गुंठ्यांसाठी येतो. आई कडी लावून दाराला पाठ लावून बसायची. अनोळखी असता तर कंटाळून गेला असता. हा जाणार नाही हे माहीत होतं, कारण रक्ताचा होता. 'हॅलोवीन' बघून माझे मित्र झोपले, मीही पेंगलो. दुसरा भाग बघताना बहिणीचा उलगडा झाला तेव्हा मात्र माझे हात गार पडले. तुम्ही म्हणता तिथे भीती संपली. माझी तिथे सुरू झाली.

न्यूजर्सीकर:
हे तुम्ही त्या मूळ लेखात लिहिलं असतंत तर हा वाद झालाच नसता. तिथे 'कंटाळवाणा' लिहून मोकळे झालात.

उलटा कंदील:
असेल. कंटाळवाणा हा शब्द मागे घेतो. घोस्टफेस वरचढ, हे मागे घेत नाही.

खडूस काका:
ॲनीचा प्रसंग काढून बघितला. गांजाचाही. ते माझ्या म्हणण्यात बसत नाहीत. नियम आहेच असं मी अजून म्हणेन, निदान पुढे ज्यांनी नक्कल केली त्यांनी तो केला. दारांबद्दल लिहिलं ते मात्र नको होतं लिहायला. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. आम्हीही आधी भिंगातून बघतो.

पोत्यातला जेसन:
नक्कल म्हणजे आमच्यावर आलात शेवटी. पहिल्या 'फ्रायडे'वाल्यांनी ते लपवलंही नाही, 'हॅलोवीन' चालला म्हणूनच काढला होता. मान्य.

तिसरी घंटा:
उलटा कंदील, चुलत्याचं वाचून शीर्षक बदलावंसं वाटलं, पण बदलत नाही. २०१८च्या भागाने मधलं सगळं पुसलं, एका मुलीच्या तोंडी घातलं की भाऊबहीण वगैरे लोकांनी उठवलेलं. मला आनंद झाला होता. मग तिथेही चाळीस वर्षं त्याची वाट बघत बसलेली, घराचा किल्ला केलेली लॉरी दाखवली, म्हणजे नातं राहिलंच, फक्त रक्ताचं नाही. ते मला आवडलं होतं, हे आता कबूल करावं लागतंय. बहिणीचं मात्र अजूनही नाही.

गौरांगी:
पहिल्याचा शेवट आज परत लावला. तो हिरवळीवर नाही हे बघून लूमिस दचकत नाही, त्याला माहीतच असतं. लॉरी रडते. मग नुसत्या जागा दिसतात, आधी रिकाम्या खोल्या, जिना, मग बाहेरून घरं, आणि सगळ्यांवर त्याचा श्वास. मायर्सचं घर सगळ्यात शेवटी येतं. आधी इतरांची.