नागपूरच्या बेशातल्या फ्लॅट स्कीमच्या गच्चीवर पवनचक्की: आमसभेआधी लोकांना विचारायचं काय?

सचिव_बेसा
चार मजली स्कीम, 24 फ्लॅट, उंची 14 मीटर. कॉमन मीटर (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे) महिन्याला साधारण 600 युनिट. विक्रेता 1-1 किलोवॉटच्या दोन पवनचक्क्या सुचवतो आहे, 2 मीटर व्यासाच्या. म्हणतो, पावसाळ्यात सोलर मंदावतं तेव्हा वारा कामी येतो.
लोकांचं म्हणाल तर कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या राखेला वैतागलेले सगळे ‘लावूनच टाका’ म्हणतात. चौथा मजला आवाजाला भितो. एक काका ठामपणे सांगतात की पवनचक्कीनं पाऊस पळतो. आमसभेआधी फॉर्म वाटायचा आहे. ‘पवन ऊर्जेला पाठिंबा आहे का, हो/नाही’ एवढ्यानं भागेल काय? आणि मुळात वारा पुरतो काय?

वाऱ्याचा_हिशेब
दुसरा प्रश्न आधी, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.
वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्शावर येते. विक्रेत्याचा ‘1 किलोवॉट’ हा 11-12 मीटर प्रति सेकंदाचा, म्हणजे ताशी 40 किमीच्या वाऱ्याचा आकडा आहे. वस्तीत गच्चीच्या उंचीवर सरासरी 2.5 ते 3 मीटर प्रति सेकंद धरा. त्यात आपली उन्हाळ्याची हवा विरळ: 45 अंशांत, 310 मीटर उंचीवर, घनमीटरला जेमतेम 1.07 किलो. तक्त्यातला 1.225 हा आकडा समुद्रसपाटीचा, 15 अंशांचा.
2 मीटर व्यास म्हणजे 3.14 चौरस मीटर झोत. वाऱ्याचे चढउतार धरून आणि एकूण कार्यक्षमता 25 टक्के मानून:
सरासरी 2.5 असेल तर एका चक्कीचे वर्षाला साधारण 110 युनिट.
सरासरी 3 असेल तर साधारण 195.
दोन्ही मिळून फार तर 400. तुमची गरज 7200. पाच किलोवॉट सोलर मात्र वर्षाला 7000 च्या आसपास देतं.
पावसाळ्याचा मुद्दा दिशेनं खरा आहे, जून-जुलैत वारा वाढतो. पण जुलैची सरासरी 4 धरली तरी एका चक्कीचे दिवसाला सव्वा युनिट होतात. ढगाळ दिवसांतही 1 किलोवॉट सोलर सहसा त्याहून जास्त देतं. राजेहो, ऑक्टोबरनंतर तर वारा पडलेलाच असतो.

स्लॅब_आणि_बोल्ट
चौथ्या मजल्याची भीती उगाच नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. पण इथे हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा स्लॅबमधून उतरणारी घरघर जास्त त्रास देते. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 300 फेरे घेत असेल तर खांबाला सेकंदाला 15 हिसके बसतात. एवढ्या कमी कंपनाला रबरी पॅड फारसे अडवत नाहीत, आणि स्लॅबची स्वतःची कंपनं त्याच पट्ट्यात असली तर खोली घुमते.
खांबाचं गणितही बघा. शिरस्ता असा की पात्याचं खालचं टोक 150 मीटरच्या परिसरातल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा 9 मीटर वर हवं, नाहीतर पंखा शेजारच्या स्कीमच्या भोवऱ्यात सापडतो, चक्कीचं शेपूट सतत गिरक्या घेतं आणि बेअरिंग जातं. म्हणजे गच्चीवर 10 मीटरचा खांब. आयएस 875 भाग 3 या इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराच्या मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद आहे. त्या वाऱ्याचा भार कॉलमवरच उतरवायला हवा. पॅरापेटवर किंवा दोन बीमच्या मधे स्लॅबवर नाही. बोल्टासाठी कोब्याला भोकं पाडली की पहिल्याच पावसात चौथ्या मजल्याचं छत गळतं.
शिवाय संक्रांतीचा नायलॉन मांजा. शाफ्टला गुंडाळला की तेलाचं सील कापतो. त्या आठवड्यात ब्रेक लावूनच ठेवावा लागतो. आणि चक्की फिरत असताना तिला जोडलेली बॅटरी कधी काढू नये. भार गेला की पंखा बेफाम सुटतो. आधी ब्रेक स्विचनं चक्कीच्या तिन्ही फेजच्या वायरी एकमेकींना जोडून शॉर्ट करायच्या, मग वायरला हात.
बेसा-मनीषनगर पट्ट्यात उंच खांबाआधी विमानतळाच्या उंचीमर्यादेचा नकाशाही पाहून घ्या.

जनमत_वाचक
आता फॉर्म. ‘पाठिंबा आहे का’ विचाराल तर बहुतेक ‘हो’ म्हणतील आणि त्या होकाराचा काही उपयोग नाही. चार गोष्टी सुट्या विचारा: पवन ऊर्जा असावी का, आपल्याच गच्चीवर असावी का, फ्लॅटमागे किती रुपये द्याल, बंद पडली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा. वरचा युनिटचा हिशेब फॉर्मवरच छापा. ‘ठरलं नाही’ हा पर्याय ठेवाच, नाहीतर ते सगळे भिडेखातर ‘हो’ वर खूण करतात.
नाव नको, मजला मात्र लिहून घ्या. पहिल्या मजल्याचे सहा होकार चौथ्या मजल्याच्या सहा नकारांवर चढवणं म्हणजे मतदान नाही, दांडगाई. भाडेकरूंनाही वेगळं विचारा; पैसे मालकाचे, झोप त्यांची.
युरोपातल्या पाहण्यांत एक वळण बरेचदा दिसलं आहे: आधी पाठिंबा जोरात, जागा ठरताना घसरतो, चक्की फिरू लागली की पुन्हा सावरतो. म्हणून एकच फॉर्म पुरेसा मानू नका.

सचिव_बेसा
आणि पाऊस पळतो म्हणणाऱ्या काकांना काय सांगू?

जनमत_वाचक
त्यांना हसू नका. साताऱ्यात आणि धुळ्याच्या साक्री भागात ही समजूत गावोगाव होती. पंखा जमिनीलगतच्या थरातल्या वाऱ्याचा वेग कमी करतो. पाऊस देणारे उंच ढग कित्येक किलोमीटर वर चढतात, तिथवर त्याचा हात पोचत नाही. पण तिथे जमिनीचा भाव, डोंगरात फोडलेले रस्ते, गावाला काय मिळालं, हे राग खरे होते. माझ्या मते त्यातले बरेच पावसाच्या नावानं बोलले गेले. तुमच्या काकांचा खरा आक्षेपही वर्गणीवर असू शकतो, विचारून बघा.

वाऱ्याचा_हिशेब
पवन ऊर्जा वाईट नाही, भाऊ. ती साताऱ्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर शोभते. तिथली वीज ग्रीन ओपन अॅक्सेसनं, म्हणजे थेट प्रकल्पाकडून, घ्यावी म्हटलं तर 100 किलोवॉट मागणीची अट आहे, कॉमन मीटरचं ते काम नव्हे. तुमची सोसायटी नोंदणीकृत असेल तर पीएम सूर्य घर योजनेत कॉमन वापराच्या सोलरला किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. 5 किलोवॉटला साधारण 50 चौरस मीटर गच्ची लागते, पाण्याच्या टाकीची सावली टाळून.
तरी विक्रेता हटत नसेल तर म्हणा, ‘चक्की तू लाव, मीटर आम्ही लावतो, पैसे युनिटमागे देतो.’

सचिव_बेसा
हाव, हे बरं आहे. सोलरचं कोटेशन मागवतो. फॉर्मात मजला आणि दुरुस्तीचा प्रश्न घालतो. मांज्याचं तर डोक्यातच नव्हतं.