शब्दचर्चा : रोध, प्रतिरोध, दाब आणि शक्ती

विचारणा
भाचीला दहावीची विजेची गणितं समजावून देतोय. पाठ्यपुस्तकात रेझिस्टन्सला 'रोध' आहे, तिच्या क्लासच्या नोट्समध्ये 'प्रतिरोध', आणि शिकवणारे सर बोलताना 'अवरोध' म्हणतात. तिन्ही एकच का? व्होल्टेजला 'विभवांतर' म्हणायचं, तर बातम्यांत 'कमी दाबाने वीजपुरवठा' कसा? आणि तिला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न: एका सूत्रात रोध वाढला की शक्ती (पॉवर) वाढते, दुसऱ्यात कमी होते. खरं कोणतं?

प्रतिसाद
'रोध'च लिहायला सांगा. तिन्ही शब्द 'रुध्' म्हणजे अडवणे या धातूचे. 'विरोध' आणि 'निरोध'सुद्धा. पण मराठीत त्यांची कामं वाटली गेली आहेत. 'अवरोध' म्हटलं की वाटच बंद झाली असं वाटतं, डॉक्टर आंत्रावरोध म्हणतात तसं. तारेतून धारा (करंट) तर वाहतच असते. 'प्रतिरोध' हा हिंदी पाठ्यपुस्तकांतला रुळलेला शब्द आहे, त्याला चूक म्हणता येणार नाही. मराठी कानाला मात्र 'प्रति'मुळे प्रतिकार, प्रतिहल्ला अशी उलटून काही केल्याची छटा येते. 'रोध' आटोपशीर आहे, आणि 'रोधक', 'रोधकता' हे शब्द त्याच्यापासून आपसूक होतात.

प्रतिसाद
दाबाबद्दल. वीज वितरणात 'दाब' हाच चालता शब्द आहे: उच्चदाब ग्राहक, लघुदाब वाहिनी. मला तो आवडतो, कारण गावातल्या माणसाला तो न शिकवता कळतो. तरीही परीक्षेत 'विभवांतर' लिहिण्याला अर्थ आहे. त्यातलं 'अंतर' सांगतं की ही राशी कायम दोन बिंदूंमध्ये मोजायची असते. 'तारेत २३० व्होल्ट आहेत' असं आपण सर्रास म्हणतो, पण ते २३० व्होल्ट फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये असतात. सगळीकडे ऐकायला मिळतं ते 'करंट कमी येतोय'. बहुतेक वेळा म्हणणाऱ्याला दाब कमी आहे असं सांगायचं असतं.

प्रतिसाद
मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. दोन्ही सूत्रं, दाबाचा वर्ग भागिले रोध आणि धारेचा वर्ग गुणिले रोध, खरी आहेत, फक्त काय कायम ठेवलंय ते आधी विचारायचं.

घरचा गिझर घ्या, २००० वॉट, २३० व्होल्ट. वॉट भागिले व्होल्ट, म्हणजे धारा सुमारे ८.७ अँपिअर. व्होल्ट भागिले अँपिअर, म्हणजे रोध सुमारे २६.५ ओहम. आता दाब २०० व्होल्टवर आला असं धरा. रोध जवळपास तोच, म्हणून २०० चा वर्ग भागिले २६.५, सुमारे १५१० वॉट. दाब तेरा टक्के पडला, शक्ती मात्र चोवीस टक्के. पाणी तापायला उशीर होतो तो याच वर्गामुळे. घरातली उपकरणं समांतर जोडणीत असतात, सगळ्यांना दाब एकच. तिथे रोध कमी तर शक्ती जास्त.

आता त्याच गिझरचा प्लग सॉकेटमध्ये सैल बसलाय आणि त्या सांध्यात ०.२ ओहम रोध आहे असं समजा. हा सांधा गिझरशी एकसर जोडणीत आहे, म्हणून दोघांतून धारा एकच, सुमारे ८.६ अँपिअर. धारेचा वर्ग गुणिले ०.२ केलं की सुमारे १५ वॉट होतात. नखाएवढ्या जागेत १५ वॉट! प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं. इथे रोध वाढला तशी उष्णता वाढली. 'जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता' हे वाक्य मुलं पाठ करतात, पण त्याच्याआधी 'धारा तीच असताना' हे शब्द नसतील तर ते वाक्य अर्धंच आहे. भाचीला दोन्ही गणितं स्वतः करू द्या.

विचारणा
सॉकेटचं उदाहरण तिला लगेच पटलं. आता एकच: 'पॉवर'ला 'शक्ती' आणि बिलावर 'युनिट', हे एकच ना?

प्रतिसाद
नाही, आणि इथे गल्लत होऊ देऊ नका. शक्ती म्हणजे ऊर्जा वापरण्याचा दर, तिचं एकक वॉट. युनिट म्हणजे ऊर्जा, एक किलोवॉट-तास. २००० वॉटचा गिझर सलग अर्धा तास तापत राहिला तर एक युनिट. 'महिन्याला किती वॉट जळले?' हा प्रश्नच बसत नाही. बोलीत 'शक्ती' म्हणजे अंगातली ताकद, साठवून ठेवायची गोष्ट, म्हणून मुलांचा घोळ होतो. शब्द बदलण्यापेक्षा प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहायची सवय लावा.

प्रतिसाद
एक भर. जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमाच्या आपल्या पुस्तकी रूपात 'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' असे शब्द असतात. मुलं ते गाळतात. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब पेटलेला असताना गणिताने (२३० चा वर्ग भागिले १००) ५२९ ओहमचा येतो; तोच थंड असताना मीटरने मोजला तर रोध त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरतो, कारण टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो. विभवांतर भागिले धारा ही रोधाची व्याख्या दोन्ही वेळा लागू आहे. नियम सांगतो ती विभवांतर आणि धारा यांची समप्रमाणता मात्र तार तापली की राहत नाही. व्याख्या आणि नियम यांना एकच समजू नये, एवढं तिला नक्की सांगा.