बाउंड्री लेयर काढायला कुठली पद्धत धरू? (ड्रोनचा पंख, एम.ई. प्रोजेक्ट)

ऐरोली_सेक्टर८
नमस्कार मंडळी. दिवसा महापे एमआयडीसीत नोकरी, रात्री एम.ई.चा प्रोजेक्ट. छोट्या ड्रोनच्या पंखावरची बाउंड्री लेयर (पृष्ठभागालगतचा, घर्षणाने मंदावलेला हवेचा पातळ थर) काढायची आहे, रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर) २ लाखांच्या आसपास. पायथनमध्ये क्रँक-निकोल्सन लिहिलंय, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने पायरीपायरीने पुढे सरकत उत्तर काढायचं. सपाट प्लेटवर उत्तर ब्लासियसच्या ठरलेल्या उत्तराशी जुळतं. पण बाहेरचा वेग सरळ रेषेत उतरत शून्याकडे जाणारा दिला, की एकूण अंतराच्या १२ टक्क्यांपाशी गाडी अडते. पायरी बारीक केली तर आणखीच बिनसतं. गाइड म्हणतात ओपनफोम (प्रवाह सोडवणारं तयार सॉफ्टवेअर) घे. पद्धत बदलू की सॉफ्टवेअर? लॅपटॉप ८ जीबीचा आहे.

वाशी_ते_सीएसएमटी
ओपनफोम घे, फुकट आहे. भिंतीलगतच्या (पंखाच्या पृष्ठभागालगतच्या) पहिल्या सेलचा वाय-प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) १ च्या आत ठेव. कोड लिहीत बसलास तर सेमिस्टर संपेल.

खारघरची_मेकॅनिकल
थांब रे, आधी त्याचं दुखणं तरी बघू. ऐरोली, तुझा कोड शहाणा आहे. बाहेरचा वेग सरळ रेषेत उतरणारा, हा हॉवर्थचा जुना प्रश्न. त्यात प्रवाह ११.९९ टक्क्यांवर भिंत सोडतो. बाहेरचा दाब ठरवून दिला, की तिथे प्रांटलची बाउंड्री लेयरची समीकरणंच तुटतात, भिंतीवरचा घर्षणताण वर्गमुळासारखा शून्याकडे कोसळतो. गोल्डस्टाइनने १९४८ मध्ये हे दाखवलं. जाळी कितीही बारीक कर, पुढे सरकणार नाहीस.

कागदावर ताडून बघायचं तर थ्वेट्सची अंदाजी पद्धत (१९४९) घे. या प्रश्नात त्याचं समाकलन हाताने सुटतं. लॅम्डा (बाहेरच्या दाबाचा जोर मोजणारा आकडा) उणे ०.०९, म्हणजे प्रवाह सुटण्याच्या किमतीवर ठेवलास, की उरलेल्या वेगाच्या गुणोत्तराचा उणे सहावा घात २.२ येतो. म्हणजे वेग ०.८७७ पटीवर, अंतर १२.३ टक्के. दोन ओळींच्या हिशेबात नेमक्या उत्तराच्या इतकं जवळ जाता येतं, म्हणून मी कुणालाही आधी थ्वेट्सच करायला लावते.

ऐरोली_सेक्टर८
ताई, जीव भांड्यात पडला! मग केलर बॉक्स ही दुसरी पद्धत लिहायची गरज आहे का? आणि एक्स्प्लिसिट (पुढची किंमत थेट मागच्या पायरीवरून काढणारी पद्धत) सोपं पडेल का?

खारघरची_मेकॅनिकल
एक्स्प्लिसिटच्या वाटेला जाऊ नकोस. तिथे आडवी पायरी स्थानिक वेगाच्या प्रमाणात छोटी ठेवावी लागते, आणि भिंतीपाशी वेग शून्यच. पायऱ्या मोजता मोजता पहाट होईल.

केलर बॉक्स छान आहे. जाळी असमान असली तरी अचूकता दुसऱ्या क्रमाची राहते, न्यूटनची आवर्तनं भराभर जुळतात. पण ३ बाय ३ चे ब्लॉक सोडवायला लागतात आणि अडायचं त्याच जागी अडेल. तुझं क्रँक-निकोल्सन चालतंय तर ते मोडू नकोस.

घोडबंदर_ट्रॅफिक
मग पंखाचं काय? २ लाखांवर लॅमिनार (शांत थरांच्या) प्रवाहाचा बबल बहुधा येणार. प्रवाह सुटतो, टर्ब्युलंट (खळबळीचा) होतो, परत चिकटतो. एकट्या मार्चिंगने (पायरीपायरीने पुढे सरकून) ते दिसणार नाही. एक्सफॉइल हे पंखाच्या छेदाचं सॉफ्टवेअर वापर. मार्क ड्रेलाने एमआयटीत १९८६ मध्ये लिहिलं. बाहेरचा प्रवाह आणि बाउंड्री लेयरची इंटिग्रल समीकरणं त्यात एकत्र सुटतात, त्यामुळे सुटण्याच्या बिंदूवर अडत नाही. ८ जीबीत आरामात चालतं. एन-क्रिट (प्रवाह कधी टर्ब्युलंट होतो ते ठरवणारा आकडा) ९ पासून सुरुवात कर, मग कमी-जास्त करून बबल किती सरकतो ते बघ.

वाशी_ते_सीएसएमटी
बरं, हे मान्य. पण स्टॉलच्या (पंखाची उचल कोसळते त्या कोनाच्या) पलीकडे एक्सफॉइलवर भिस्त ठेवू नकोस, तिथे ओपनफोमच.

खारघरची_मेकॅनिकल
हो, तेवढं खरं. तिथेही नुसतं के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्सचं मॉडेल लावलंस तर पंख पहिल्यापासून टर्ब्युलंट धरला जाईल आणि बबल गायब. ट्रान्झिशनचं (लॅमिनारचं टर्ब्युलंट होणं दाखवणारं) मॉडेल निवड.

आणि ब्लासियस ताडताना कुठलं समीकरण वापरलंस? अर्धा गुणक असेल तर भिंतीवरचा आकडा ०.३३२, नसेल तर ०.४६९६. व्हायव्हात यावरच घोळ होतो.

ऐरोली_सेक्टर८
अर्धावालं. ०.३३२ आलंय. आज रात्री थ्वेट्स, शनिवारी एक्सफॉइल. गाइडना हॉवर्थचा आलेख घेऊनच भेटतो.