बिनगिलाव्याचं काँक्रीट सोलापूरच्या उन्हात चालेल का? घर आणि देऊळ, दोन्हीसाठी विचारतोय

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात १५०० स्क्वेअर फुटाचा प्लॉट आहे, दिवाळीनंतर काम काढायचंय. मामेभाऊ आर्किटेक्ट आहे, त्याच्या डिझाईनमध्ये भिंतींना ना गिलावा ना रंग, शटरिंग काढल्यावर फळ्यांचे ठसे जसे उमटतील तसंच काँक्रीट ठेवायचं म्हणतोय. मला बघताक्षणी आवडलं. पण आई म्हणते लोक विचारतील पैसे संपले का, आणि देवघरपण तसंच राखाडी राहणार म्हटल्यावर तर दोन दिवस धड बोलली नाही माझ्याशी. त्यात कॉलनीतलं दत्ताचं देऊळ बांधायचं चाललंय, भाऊ म्हणतोय तेही असंच करू. मेमध्ये पारा ४२-४३ ला जातोय, अशा घरात रात्री झोप लागेल का? आणि असं देऊळ-चर्च कुणी आत जाऊन बघितलंय का, तिथं हात जोडावेसे वाटतात का?

साईटवरचा_माणूस:
दादा, नुसती सहा इंची आरसीसी भिंत पश्चिमेला उघडी टाकलीत तर झोप विसरा. दिवसभर ऊन पिते आणि रात्री आठनंतर सगळं आत सोडते. जुन्या वाड्यांची दगडी भिंत दोन-दोन हात जाड, तिची गोष्ट वेगळी. ज्या ल कार्बुझिए नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टचं बघून हे सगळं आलं त्यानंसुद्धा अहमदाबादच्या मिल ओनर्स बिल्डिंगला (१९५४) पश्चिमेकडून काँक्रीटचे तिरपे उभे पडदे लावलेत, ऊन अडतं, वारं आत येतं. तिथल्याच त्याच्या शोधन हाऊसला तर वर छत्रीसारखा वेगळाच स्लॅब आहे. तेव्हा सावली कुठून येणार हे भावाला आधी विचारा, ठशांचं नंतर बघू.

दुसरं म्हणजे कारागिरी. मी एका साईटवर होतो, जिन्याची भिंत भरताना व्हायब्रेटर मधेच बंद पडला, मुकादम म्हणाला सळईनं ठोका, होतंय. फळ्या काढल्या तर कमरेच्या उंचीवर हातभर पट्ट्यात नुसती खडी दिसत होती, मधमाशांच्या पोळ्यासारखी. गिलावा असता तर झाकलं असतं, इथं मालक रोज जिना चढताना तेच बघतो. सळई फळीपासून लांब ठेवणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, प्रत्येक सळईखाली स्वतः वाकून बघा, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) कमी पडलं की सळई गंजून फुगते आणि पोपडे सुटतात. भरल्यावर पाणी किमान दहा दिवस मारा, गोणपाट ओलं ठेवून. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय आपल्याकडं, टँकरचा खर्च आत्ताच धरा.

माळवदाखाली_वाढलेली:
मी अक्कलकोट तालुक्यातली, लहानपण माळवदाच्या घरात गेलं. वर पांढऱ्या मातीचा जाड थर, त्यामुळं मेमध्ये दुपारी खाली गार वाटायचं. कॉलेजच्या ट्रिपला अहमदाबादला साराभाईंचं घर (१९५५) बघितलं, तेही कार्बुझिएचंच, खाली विटांच्या भिंती नि उघडं काँक्रीट, वर बुटक्या कमानींवर माती टाकून चक्क गवत लावलेलं. मला आजोळच आठवलं. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या तिथल्याच संगथ या ऑफिसला कमानींवर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे, लावलेत, तो तर आपल्याकडचे मिस्त्री गच्चीवर कधीपासून करतायत. भिंतीचं काय करायचं ते करा, पण गच्ची उघडी ठेवू नका, सगळ्यात जास्त ऊन तीच खाते.

पूर्वी_दादरकर:
देवळाचं मी सांगतो. दादरला सगळे ज्याला पोर्तुगीज चर्च म्हणतात ते आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं काम आहे, १९७७ चं. आम्ही जवळच राहायचो. वर काँक्रीटची उंच टोपरी, उजेड वरून येतो, आणि मधेमधे उघडे चौक. बाहेर बसचा कलकलाट असायचा, पण आत पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली यायचा आपला. मी हिंदू माणूस, तरी वडील आजारी असताना रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचो. मन लागतं का विचारलंत, माझं लागलं.

आणि आपली हेमाडपंती देवळं तरी काय, दगडावर दगड, ना गिलावा ना रंग. आईंना एकदा आपल्या जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलला न्या, संगमेश्वराच्या देवळात खांबाला टेकून बसू द्या. फक्त एक, गाभाऱ्यात उघडं काँक्रीट नको. तेल, अभिषेकाचं पाणी, कुंकू सगळं त्यात मुरतं आणि डाग निघत नाहीत. तिथं काळा दगडच लावा, सभामंडप काँक्रीटचा ठेवा.

जुळेसोलापूरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, भावाला हे सगळं वाचून दाखवलं. पश्चिमेला जिना आणि बाथरूम घेऊन त्याच्या बाहेर उभे पडदे काढतोय, गच्चीवर चायना मोझॅक नक्की. काँट्रॅक्टरला आधी प्लॉटवर चार बाय चार फुटाचा नमुना भरायला सांगितलाय, तो जमला तरच पुढचं. देवळाचं ट्रस्टींपुढं ठेवतोय, गाभारा दगडाचा म्हटल्यावर निम्मे तरी तयार होतील.

काल आईला कुडलला नेलं होतं. बराच वेळ बसली, भिंतीवरून हात फिरवला. येताना गाडीत म्हणाली, देवघराला एक खिडकी पूर्वेला ठेव.